वुडविंड क्विंटेट आणि आजचं संगीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाश्चात्त्य संगीत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर व्हायोलिन किंवा पियानो येतो. फुंकून वाजवायची वाद्यं आठवतात ती वरातीतल्या बँडची. त्यामुळे "पाच जण नुसते फुंकतात, त्यात दीड तास ऐकायचं काय?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता सगळं एकदाच लिहून ठेवतो. मी वादक नाही, ऐकणारा आहे. तेव्हा मतं माझी आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत.

वुडविंड क्विंटेट म्हणजे कोणती पाच वाद्यं?

फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बॅसून आणि फ्रेंच हॉर्न. प्रत्येकाचा एकच वादक. अशा पाच जणांच्या ताफ्याला क्विंटेट म्हणतात, आणि त्यांच्यासाठी लिहिलेल्या रचनेलाही. तंबोरा नाही, तबला नाही, कंडक्टर नाही. (बॅसूनला पुष्कळजण 'बसून' लिहितात. मग 'तो बसून वाजवतो' या वाक्याचा अर्थ काय घ्यायचा? म्हणून मी आपलं बॅसून लिहितो.)

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो : एका घरातली चार भावंडं. त्यांचे आवाज न सांगता एकमेकांत मिसळतात. इथे मात्र पाच वाद्यांचे आवाज पाच तऱ्हांचे. फ्लूटमध्ये फुंकर भोकाच्या काठावर आपटते. क्लॅरिनेटच्या माउथपीसला एकच रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी, बांधलेली असते. ओबो आणि बॅसून दोघांनाही दुहेरी रीड, पण एकाचा आवाज नाकातला आणि धारदार, दुसऱ्याचा खालचा, जरासा घोगरा. हॉर्नमध्ये तर रीडच नाही, वादकाचे ओठच थरथरतात. चाळीतल्या एका मजल्यावर पाच बिऱ्हाडं आणि पाचही वेगवेगळ्या गावची, असा हा संसार आहे. हे न जुळणं जुने रचनाकार अडचण समजत. विसाव्या शतकातल्या लोकांना तेच घबाड वाटलं. पुढची निम्मी उत्तरं याच गोष्टीभोवती फिरतील.

हॉर्न तर पितळेचा. तो 'वुड'विंडमध्ये कसा घुसला?

रास्त शंका. पण मग फ्लूटही आता बहुधा चांदीचा किंवा इतर धातूचाच असतो. नाव जुन्या काळचं आहे.

हॉर्नची नळी सरळ केली तर साधारण ३.७ मीटर भरते. तिचं तोंड मागे वळलेलं असतं आणि वादकाचा उजवा हात त्या तोंडात असतो. त्यामुळे आवाज ट्रंपेटसारखा समोरून अंगावर येत नाही, मागच्या भिंतीला लागून गोल होऊन येतो. अठराव्या शतकात तो ओबो, क्लॅरिनेट, बॅसूनांच्या जोडीनेच वाजत असे, तेव्हा नातं जुनंच होतं. आमटीतल्या गुळासारखं त्याचं काम असतं. गूळ वेगळा लागत नाही, पण नसला की पहिल्या घासाला कळतं. हॉर्न काढून उरलेली चार वाद्यं ऐका. सुरेल वाटतील, पण मधे पोकळी राहते.

आपल्या वाद्यांशी यांचं काही नातं आहे का?

सनई आणि ओबो दोन्ही दुहेरी रीडची, शंकूसारखी उघडत जाणारी. ओबो ऐकताना मराठी माणसाला लग्नाचा हॉल आठवला तर त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. फरक असा की सनईवाला भोकं बोटांनी अर्धीमुर्धी झाकून आणि ओठांनी सूर ओढून मींड काढतो. ओबोवर चाव्यांचं एवढं जंगल असतं की एका सुरावरून दुसऱ्यावर घरंगळत जाणं मुश्किल. क्लॅरिनेट तर आपल्याकडे घरचाच झालाय. बँडवाले त्याला क्लॅरोनेट म्हणतात, आणि मुंबईच्या सिनेसंगीतात वर्षानुवर्षं फुंकवाद्यं वाजवणाऱ्यांत गोव्याचे वादक कितीतरी होते. चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर 'दो-रे-मी' म्हणत गाऊन वाचणं, शिकलेली ती पिढी. बॅसून आणि हॉर्न मात्र आपल्या गल्लीत कधी फारसे आले नाहीत.

हा प्रकार सुरू कुणी केला?

आंतोन रायखा या प्राग शहरात जन्मलेल्या माणसाचं नाव घ्यावं लागतं. जन्म १७७०, म्हणजे बीथोव्हनच्याच वर्षीचा. दोघं तरुणपणी बॉनच्या दरबारी ऑर्केस्ट्रात एकत्र होते. रायखा फ्लूट वाजवायचा, बीथोव्हन व्हायोला. पुढे रायखा पॅरिसला गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याने पॅरिसमधल्या उत्तमोत्तम वादकांसाठी एकूण २४ क्विंटेट लिहिली. फ्रान्झ डान्झीने ९ लिहिली. दोघांचीही आज सर्रास वाजतात. मला डान्झी ऐकायला गोड वाटतो, पण डोकं असलेला रायखा.

त्यानंतर जवळजवळ एक मोठी झोप. एकोणिसाव्या शतकात थोरामोठ्यांनी या पाचांसाठी फारसं काही लिहिलं नाही. पण त्याच काळात कारागीर मात्र जागे होते. हॉर्नला झडपा आल्या, थिओबाल्ड ब्यॉमने फ्लूटच्या चाव्यांची रचना मुळापासून बदलली, क्लॅरिनेटही सुधारला. पूर्वी जे सूर नशिबावर अवलंबून असायचे ते आता बोटाखाली आले. १८७९ मध्ये पॅरिसचा फ्लूटवादक पॉल ताफानेल याने खास फुंकवाद्यांच्या चेंबर संगीतासाठी, म्हणजे मोजक्या वादकांच्या संगीतासाठी, संस्था काढली आणि वाट पुन्हा मोकळी झाली.

'समकालीन' म्हणजे नेमकं किती नवं?

सोयीप्रमाणे. कडक लोक म्हणतील, रचनाकार हयात हवा. कार्यक्रमपत्रिकेत मात्र १९२० नंतरचं बरंच काही या नावाखाली खपतं, आणि क्विंटेटच्या बाबतीत त्याला कारण आहे. १९२२ साली डेन्मार्कच्या कार्ल नीलसेनने आपलं क्विंटेट लिहिलं, त्याच वर्षी जर्मनीत पॉल हिंडेमिटने 'क्लायने कामरमुझीक' हे पाच छोट्या भागांचं, जरा टवाळ क्विंटेट लिहिलं. लगेच १९२३-२४ मध्ये आर्नोल्ड शोनबर्गने बारा स्वरांच्या आपल्या नव्या पद्धतीत एक प्रचंड क्विंटेट रचलं, जवळपास ४० मिनिटांचं. तीन माणसं, तीन तोंडं तीन दिशांना, आणि तिघांच्या हाती हीच पाच वाद्यं. आजचे ताफे जे वाजवतात त्याच्या मुळ्या या दोन-तीन वर्षांत आहेत.

शोनबर्गचं ते क्विंटेट त्याने आपल्या तान्ह्या नातवाला अर्पण केलं आहे. बाळाने त्याचं काय केलं असेल कोण जाणे. मोठमोठ्यांना ते अजून पचायचंय.

नीलसेनबद्दल सगळे एवढं का बोलतात?

कारण त्याने पाच वाद्यं नाही, पाच माणसं ऐकली.

गोष्ट अशी सांगतात : १९२१ च्या शरदात त्याने एका पियानोवादक मित्राला फोन केला. पलीकडे कोपनहेगन विंड क्विंटेटची मंडळी मोट्झार्टची तालीम करत होती आणि ती फोनमधून ऐकू येत होती. नीलसेन तडक तिथे जाऊन बसला. त्यातून हे क्विंटेट झालं, त्या पाच जणांचे स्वभाव डोळ्यांपुढे ठेवून. या रचनेबद्दल त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की कधी सगळी वाद्यं एकदम बोलतात, कधी एखादं अगदी एकटं असतं.

शेवटच्या भागात त्याचीच एक प्रार्थनेची चाल येते आणि तिच्यावर एकामागून एक रूपं. साध्या भजनाच्या चालीवर कोणी काय काय करून दाखवतो, तसंच. एका रूपात क्लॅरिनेट आणि बॅसून चक्क भांडतात. एकात बॅसून एकटाच, साथीला कोणी नाही. एकात हॉर्न एकटा. त्या भागाच्या सुरुवातीला ओबोवाला आपलं वाद्य खाली ठेवून जाड आवाजाचा इंग्लिश हॉर्न उचलतो आणि हॉलचा प्रकाश कोणीतरी कमी केल्यासारखं वाटतं.

यानंतर त्या पाचही वादकांसाठी एकेक कॉन्चेर्तो, म्हणजे एक वाद्य पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला अशी रचना, लिहायचं त्याने ठरवलं. फ्लूटसाठीचा झाला १९२६ मध्ये, क्लॅरिनेटसाठीचा १९२८ मध्ये. १९३१ मध्ये नीलसेन गेला. ओबो, बॅसून आणि हॉर्नवाले अजून वाट पाहतायत, असं मी गमतीने म्हणतो, पण ते पुरतं गमतीने नसतं.

लिगेतीच्या सहा तुकड्यांतला एक गाळला होता म्हणे?

हो. ग्यॉर्गी लिगेती या हंगेरियन रचनाकाराने १९५१ ते ५३ मध्ये बुडापेस्टमध्ये पियानोसाठी अकरा तुकडे लिहिले. अट गमतीची होती : पहिल्या तुकड्यात जेमतेम दोन स्वर, मग प्रत्येक तुकड्यात एकेक वाढवत शेवटी बाराही. त्यातले सहा उचलून त्याने १९५३ मध्ये क्विंटेटसाठी मांडले. याच त्या 'सिक्स बागातेल'; बागातेल म्हणजे छोटी, हलकीफुलकी रचना. पहिला तुकडा चारच स्वरांवर उड्या मारतो. त्यात दोन्ही गंधार आहेत, कोमल आणि शुद्ध. आपल्या कानाला याचा लगेच पत्ता लागतो. जोग ऐकणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

त्या काळी हंगेरीत कुठलं संगीत चालेल आणि कुठलं नाही हे सरकार ठरवायचं. कानाला टोचणारे स्वरमेळ म्हणजे बूर्ज्वा ऱ्हास. १९५६ मध्ये ते बुडापेस्टला वाजले तेव्हा पाचच वाजले. सहावा, जवळजवळचे सूर एकमेकांवर घासणारा, वगळावा लागला. त्याच वर्षाच्या शेवटी, सरकारविरोधी उठाव चिरडला गेल्यावर, लिगेती देश सोडून व्हिएन्नाला पोचला. सहाच्या सहा एकत्र वाजले ते १९६९ मध्ये, स्वीडनमध्ये.

आज तो सहावा तुकडा ऐकून लोक हसतात, इतका तो खोडकर वाटतो. एवढ्याशा खोडीची सरकारला भीती वाटली. चौथा तुकडा सात मात्रांत आहे. रूपक मोजायची सवय असेल तर पाय आपोआप हलेल, फक्त गती अशी की पायाची दमछाक होईल. पाचवा बेला बार्टोक या थोर हंगेरियन रचनाकाराच्या आठवणीत लिहिलाय. सगळं मिळून १२ मिनिटांच्या आसपास.

१९६८ मध्ये त्याने स्टॉकहोमच्या एका क्विंटेटसाठी आणखी दहा तुकडे लिहिले, पण तो लिगेती निराळा. विषम क्रमांकांचे तुकडे सगळ्यांचे मिळून, सम क्रमांकांच्या तुकड्यांत एकेका वाद्याला पुढे काढलंय. दहावा बॅसूनचा. इथे सूर मिळून धुकं होतं आणि त्या धुक्यात कोण कुठला हे ओळखू येत नाही. न मिसळणारी पाच वाद्यं याने मिसळून दाखवली, मग परत वेगळी केली.

खरं सांगा, हे लोक मुद्दाम बेसूर वाजवतात का?

हा प्रश्न चहा पिताना हळू आवाजात येतो, पण येतोच.

आपण ऐकतो ते षड्जाच्या आधाराने. तंबोरा सुरू असतो, प्रत्येक सूर त्याच्याशी काय नातं सांगतो यावर आपलं सुख अवलंबून. इथे षड्ज बदलत राहतो, किंवा शोनबर्गसारख्याकडे तो मुळी ठेवलेलाच नसतो. आधार सापडला नाही की कान म्हणतो, बेसूर. पण सुरात असणं आणि आधाराला असणं या दोन गोष्टी आहेत. हे पाचही जण सुरासाठी किती झटतात ते तालमीत पाहावं.

भौतिकशास्त्रच त्यांच्या विरोधात असतं. जोरात फुंकलं की फ्लूटचा सूर वर सरकतो आणि क्लॅरिनेटचा खाली. म्हणजे दोघांनी मिळून आवाज वाढवायचा म्हटला की दोघं आपोआप एकमेकांपासून दूर जाणार, आणि ते टाळण्यासाठी ओठांनी क्षणोक्षणी सांभाळून घ्यायचं. हॉलमधला एसी कडक असेल तर सगळ्यांचेच सूर उतरतात. वाद्य गरम झालं की चढतात. त्यात पट्टीचा घोळ. क्लॅरिनेटवाल्याने कागदावरचा 'सी' वाजवला की कानावर बहुधा बी-फ्लॅट पडतो, हॉर्नवाल्याने वाजवला की एफ. काळी चार आणि पांढरी पाचच्या गायकांनी एकत्र द्वंद्वगीत गावं, तसला प्रकार.

माझा सल्ला : पहिल्यांदा ऐकताना चाल शोधू नका, आवाजाचा पोत ऐका. यासाठी अमेरिकी रचनाकार एलियट कार्टरचं एक छोटंसं काम फार उपयोगी आहे. ते क्विंटेट नाही, हॉर्न वगळून चौघांसाठी आहे; १९५० सालचं. कोलंबिया विद्यापीठात वाद्यलेखन शिकवताना वर्गासाठी मांडलेल्या उदाहरणांतून त्याने आठ अभ्यास आणि एक फँटसी केली. त्यातल्या सातव्या अभ्यासात एकच सूर आहे, 'जी'. दुसरा सूरच नाही. फ्लूटने धरला, क्लॅरिनेटने त्यात हळूच मिसळला, ओबोने धार दिली, बॅसूनने काढून घेतला. षड्ज लावण्यात आयुष्य घालवणाऱ्यांच्या देशात हे कळायला कठीण जाऊ नये.

मध्येच खडखड, फुसफुस, दोन-दोन सूर एकदम, हे काय असतं?

बहुतेक सगळं कागदावर लिहिलेलं असतं. चाव्या नुसत्या आपटायच्या, फुंकायचं नाही. फ्लूटमध्ये जिभेने 'र्र्र' करत फुंकायचं. वाजवता वाजवता घशातून गायचं. एका वेगळ्याच बोटधरणीने क्लॅरिनेट किंवा ओबोमधून दोन-तीन सूर एकाच वेळी काढायचे. याला मल्टिफोनिक म्हणतात आणि नवशिक्याकडून चुकून निघतं तेच इथे ठरवून काढतात. हॉर्नवाला वाद्याच्या तोंडातला हात आत दाबून आवाज चिमटीत पकडतो. नाकाने श्वास घेत गालातली हवा सोडत राहायची आणि सूर तुटू द्यायचा नाही, हेही असतं; सनईला सूर धरणारा हे पिढ्यान् पिढ्या करत आलाय, त्याचं कौतुक मात्र कोणी कार्यक्रमपत्रिकेत छापत नाही.

या क्लृप्त्या सगळ्याच रचनांत शोभतात असं नाही. काही ठिकाणी नुसती यादी पुरी केल्यासारखं होतं.

कंडक्टर नाही, मग सम कोण दाखवतो?

श्वास. सुरू करण्याआधी कोणीतरी एक जण, बहुधा ज्याच्याकडे मुख्य चाल आहे तो, तालात श्वास घेतो आणि वाद्य किंचित उचलतो. बाकीचे त्या श्वासावर येतात. पुढच्या ओळीत ही जबाबदारी दुसऱ्याकडे गेलेली असते. बसतात अर्धवर्तुळात, एकमेकांचे डोळे दिसतील असे.

अपवाद आहे. शोनबर्गचं ते क्विंटेट १९२४ मध्ये व्हिएन्नाला त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी पहिल्यांदा वाजलं तेव्हा पाच वादकांपुढे कंडक्टर उभा होता, त्याचा जावई. यावरून ते किती अवघड असेल याची कल्पना करा.

ओबोवाला सारखा त्या रीडशी काय खेळत असतो?

ती रीड त्याने स्वतः बनवलेली असण्याची शक्यता फार. बोरूसारख्या एका गवताची, आरुंडो डोनाक्स त्याचं शास्त्रीय नाव; दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागातलं गवत नावाजलेलं. ते तासायचं, दुमडायचं, दोऱ्याने बांधायचं, पुन्हा तासायचं, आणि एवढं करून ती थोडेच दिवस टिकते. दमट हवा, कोरडी हवा, विमानप्रवास, कशानेही बिघडते. मैफलीच्या दिवशी ओबोवाल्याशी हवापाण्याच्या गप्पा मारू नयेत.

आणखी एक मजा : फ्लूटवाल्याची हवा संपते म्हणून तो दमतो, ओबोवाल्याची संपत नाही म्हणून दमतो. त्या बारीक फटीतून हवा जातेच थोडी, त्यामुळे श्वास घेण्याआधी त्याला उरलेला शिळा श्वास बाहेर टाकावा लागतो.

मध्येच 'वा' म्हटलं तर चालेल का?

नाही हो. मलाही हे जड जातं. चांगली जागा आली की हात उठतो, तो मांडीवर दाबून धरावा लागतो. रचनेचे तीन-चार भाग असले तर त्यांच्यामध्येही टाळ्या न वाजवण्याची रीत आहे. रीत फार जुनी नाही. मोट्झार्टच्या काळी लोक मधेच टाळ्या वाजवत आणि त्याला ते आवडायचं. पण पाळावी, कारण अलीकडच्या रचनांत शांतता हाही लिहिलेला भाग असतो. वादकांनी वाद्यं खाली केली, खांदे सैल सोडले, की खुशाल वाजवा.

नवी रचना लिहून घ्यायला पैसे कोण देतं?

ताफा, एखादा महोत्सव, एखादी संस्था, किंवा पाच-सहा ताफे वर्गणी काढून. वर्गणीवाल्या पद्धतीत प्रत्येकाला आपापल्या गावात पहिल्यांदा वाजवायचा मान मिळतो.

वर्गणीचं माझं आवडतं उदाहरण सॅम्युएल बार्बरच्या 'समर म्युझिक'चं. डेट्रॉईटच्या चेंबर म्युझिक सोसायटीने ते मागवलं आणि मानधन श्रोत्यांकडून थोडं थोडं गोळा केलं. गणेशोत्सवाची पावतीपुस्तकं पाहिलेल्या माणसाला यात नवल नाही. बार्बर न्यूयॉर्क वुडविंड क्विंटेटच्या तालमींना जाऊन बसला, कुठले स्वरमेळ या पाचांना सुरात लावायला कठीण जातात ते ऐकून आला. मार्च १९५६ मध्ये ते डेट्रॉईटला वाजलं. उन्हाळ्याच्या आळसावलेल्या दुपारीसारखं. आपल्या वैशाखासारखं नव्हे, त्यांच्याकडच्या सुखाच्या उन्हाळ्यासारखं.

कधी कारण दुःखाचं असतं. एका ओबोवादकाचा तरुण मुलगा मोटार अपघातात गेला, त्याच्या आठवणीसाठी त्याने कार्लहाइन्झ श्टोकहाउझेनकडे रचना मागितली. १९६६ मधली ती 'आद्यू'. लांबच लांब धरलेले सूर, अचानक तुटणारे.

यात आपला राग कोणी आणलाय का?

आणलाय, आणि वरवर फोडणी दिल्यासारखा नव्हे. त्याआधी इमानी विंड्सबद्दल सांगायला हवं. १९९७ मध्ये फ्लूटवादक आणि रचनाकार व्हॅलरी कोलमन हिने हा अमेरिकी ताफा काढला. इमानी म्हणजे स्वाहिलीत श्रद्धा. क्विंटेट म्हणजे युरोपातल्या गोऱ्या पुरुषांचं काम, ही समजूत या कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाच्या वादकांनी नुसतं वाजवून मोडली. कोलमनची 'उमोजा', म्हणजे एकता, आता जगभरचे ताफे वाजवतात, आणि २०१९ मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने तिचं ऑर्केस्ट्रासाठीचं रूप सादर केलं.

याच इमानी विंड्ससाठी रीना इस्माइल या भारतीय वंशाच्या अमेरिकी रचनाकार बाईंनी 'द लाइट इज द सेम' लिहिलं. त्यात दोन राग आहेत, वाचस्पती आणि यमन. दोन्हींत तीव्र मध्यम. फरक निषादाचा, वाचस्पतीत कोमल, यमनात शुद्ध. एकाच निषादाने एक राग अंधारा होतो आणि दुसरा उजळतो. नावाचा अर्थ, दिवे निराळे, उजेड तोच. हे कळायला मराठी श्रोत्याला कार्यक्रमपत्रिका वाचावी लागणार नाही. इमानी विंड्सच्या २०२१ मधल्या ध्वनिमुद्रणात ते आहे. त्याच मुद्रणात विजय अय्यर यांची 'ब्रुई' ही पियानो आणि क्विंटेटसाठीची रचनाही आहे. ती ऐकताना मात्र राग शोधत बसू नका.

नेहमी हीच पाच वाद्यं असतात का?

नसतात. एकाच कार्यक्रमात फ्लूटवाला पिकोलो किंवा आल्टो फ्लूट काढतो, क्लॅरिनेटवाला बास क्लॅरिनेट. ॲमस्टरडॅमच्या कालेफाक्सने १९८५ पासून निराळाच ताफा रूढ केला : ओबो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बास क्लॅरिनेट, बॅसून. पाचही रीडवाले, म्हणून रीड क्विंटेट. ते फार सुंदर मिसळतं. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

लहान मुलांना घेऊन जावं का?

जरूर, पण रचना पाहून. लुचानो बेरिओचं 'ओपस नंबर झू' असेल तर नक्की. त्यात वादक मधूनमधून वाद्य बाजूला करून प्राण्यांच्या गोष्टी बोलतात : कोंबडी, हरीण, उंदीर, भांडणारे बोके. शोनबर्ग असेल तर मुलांना आजीकडे ठेवा.

मुंबई, पुणे, गोवा इथे ऐकायला मिळतं का?

क्वचित, पण मिळतं. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रावर लक्ष ठेवा. २००६ पासून तिथे सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, म्हणजे ही पाचही वाद्यं एका छताखाली. पुण्यात कॅम्पातला माझदा हॉल. गोव्यात पणजीची कला अकादमी, आणि जुन्या गोव्याच्या टेकडीवरचं मोंतचं चॅपेल, जिथे दरवर्षी संगीत महोत्सव भरतो. जाहिरात फारशी होत नाही, शोधावं लागतं.

घरी ऐकायला सुरुवात कुठून करू?

लिगेतीच्या सहा बागातेलपासून. लहान आहेत, चुरचुरीत आहेत, एक नाही आवडली तर दोन मिनिटांत दुसरी येते. मग झाक इबेरचे 'त्रोआ पिएस ब्रेव्ह', १९३० चे, अगदी गोड. मग एखाद्या रविवारी निवांत नीलसेन, पूर्ण, मोबाइल बाजूला ठेवून. त्यानंतर कोलमन आणि इस्माइल. शोनबर्ग सगळ्यात शेवटी, आणि आवडला नाही तर अपराधी वाटून घेऊ नका. मला तो तिसऱ्या खेपेला थोडा कळला, पाचव्या खेपेला परत हातातून निसटला.

मुलीला यातलं एखादं शिकायचंय. कुठलं?

फ्लूट किंवा क्लॅरिनेट. शिक्षक मिळतील, वाद्यही आवाक्यात. ओबोला शिक्षक शोधण्यातच वर्ष जाईल. बॅसून जवळपास दीड माणसाएवढ्या ओझ्याचा वाटतो आणि त्याची दुमडलेली नळी सरळ केली तर अडीच मीटर. हात थोडे मोठे होऊ द्या. हॉर्न हवाच असेल तर शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या.

हॉलमध्ये कुठे बसू?

शक्य तितकं पुढे. दहाव्या रांगेत संगीत ऐकू येतं. पहिल्या-दुसऱ्या रांगेत चाव्यांची टकटक, पान उलटण्याआधीची घाई आणि सुरुवातीचा तो एकत्र घेतलेला श्वासही ऐकू येतो. फक्त हॉर्नच्या मागच्या बाजूला खुर्च्या मांडल्या असतील तर तिथली जागा फुकट मिळाली तरी घेऊ नका.